लिलावापूर्वी चढाईपटूची पारख

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कबड्डीपटू राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचे प्रतिनिधित्व करतात. तेथून प्रो कबड्डी लीगच्या लिलावापर्यंत जाण्यासाठी केवळ गुणसंख्या पुरेशी ठरत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या लीगमध्ये चढाईपटूची पारख अनेक निकषांवर होते.

एकूण चढायांपैकी यशस्वी किती, पकड किती वेळा झाली आणि गुण स्पर्शाचे की बोनसचे, हे पाहिले जाते. बोनस गुण समोर किमान सहा बचावपटू असतानाच मिळतो. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो. ३० सेकंदांच्या या चढाईत संयमाची कसोटी लागते.

अंदाज चुकतोही. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६.४० लाख रुपयांत घेतले. पदार्पणाच्या त्या हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळविले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी रुपये मोजले.

मातीवर अनवाणी खेळणाऱ्या मुलांपुढे आणखी एक परीक्षा असते. मातीवर पाय किंचित घसरतो. मॅटवर बूट जागीच रोवला जातो. वळण्याची लय बदलते, गुडघ्यावर ताण वाढतो. त्यामुळे गावातील व आश्रमशाळांतील होतकरू मुलांना मॅटवरील सराव लवकर मिळणे आणि त्यांच्या प्रत्येक चढाईची नोंद ठेवली जाणे आवश्यक आहे. नोंद नसेल, तर गुणवत्ता असूनही निवडकर्त्यांपुढे ती सिद्ध करणे कठीण जाते.