दोन कार्डांची भूक आणि चंद्रपूरचा कोळसा

एका कॉम्प्युटरात दोन ग्राफिक्स कार्डं बसवली की गेम दुप्पट वेगाने पळतो, असा एक समज आहे. वेग काही दुप्पट होत नाही, पण कार्डांना लागणारी वीज मात्र जवळजवळ दुप्पट होते. आपल्या चंद्रपूरकडच्या माणसांनी हा इतिहास जरा लक्ष देऊन वाचावा, कारण या भुकेचं दुसरं टोक आपल्या अंगणात आहे.

१९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू २ आलं आणि दोन कार्डं जोडून खेळायची सोय झाली. तेव्हाची कार्डं स्लॉटमधून मिळेल तेवढ्या विजेवर भागवायची. २००४ मध्ये एनव्हिडियाने 'एसएलआय' हे नाव पुन्हा बाजारात आणलं, पुढच्या वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं. तोवर स्लॉटची वीज पुरेनाशी झाली होती. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट देतो जास्तीत जास्त ७५ वॉट. म्हणून पॉवर सप्लायमधून वेगळ्या वायरी आल्या, सहा पिनांची ७५ वॉटची, आठ पिनांची १५० वॉटची. २००६ च्या जीफोर्स ८८०० जीटीएक्सला सहा पिनांच्या दोन वायरी लागायच्या. अशी दोन कार्डं म्हणजे चार वायरी!

आता साधा हिशोब करू. २५० वॉटची दोन कार्डं, प्रोसेसर आणि बाकीचं मिळून १५० वॉट, त्यात पॉवर सप्लायमध्ये उष्णता होऊन जाणारा वाटा धरला तर भिंतीतून साधारण ७५० वॉट ओढले जातात. म्हणजे दहा पंखे. चार तास खेळलं की ३ युनिट. आपल्याकडच्या कोळशावर एका युनिटला अंदाजे पाऊण किलो कोळसा जळतो. एका संध्याकाळच्या गेमला दोन किलोच्या वर कोळसा झाला की नाही?

हा कोळसा चांदा जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकापासून निघतोय, वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकातली. दुर्गापूरच्या औष्णिक केंद्राचं उद्घाटन १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. पुढे संच वाढले, पहिले दोन निवृत्त झाले, आणि क्षमता २९२० मेगावॉटवर आली. १९९९ मध्ये इथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब लाइन सुरू झाली, १५०० मेगावॉट वाहून नेणारी. ग्रिडमध्ये सगळी वीज मिसळते, त्यामुळे मुंबईतल्या कुठल्या दिव्यात आपला कोळसा जळतो ते कोणी सांगू शकत नाही. पण धूर कुठे राहतो ते सांगता येतं. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांत चौथं होतं. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं आणि पाण्यावाचून संच बंद ठेवावे लागले.

शेजारचा गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातूनच वेगळा झाला. तिथल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, आणि पहिली कित्येक वर्षं तिथे वीज नव्हती. इकडे हजारो मेगावॉट तयार होत होते तेव्हाही भामरागडच्या जंगलातल्या घरांत रात्री कंदील पेटत होते. लाइन गेली पश्चिमेला, मोठ्या मागणीकडे.

गेमसाठी दोन कार्डांची हौस २०२० च्या सुमारास जवळपास संपली. नव्या गेम तिला साथ देईनात, आणि एकच कार्ड ४५० वॉट खाऊ लागलं. कार्डांचे ढीग मात्र दुसरीकडे वाढले, आधी क्रिप्टोच्या खाणींत, मग कृत्रिम बुद्धिमत्तेत. पुण्याच्या सी-डॅकमधल्या २०२० च्या 'परम सिद्धी-एआय'मध्ये ४२ यंत्रं आहेत आणि प्रत्येकात आठ कार्डं. एक यंत्र जास्तीत जास्त साडेसहा किलोवॉट घेतं, म्हणजे सगळी मिळून २७३ किलोवॉट, थंड करायचा खर्च वेगळा. आज हा आकडा किरकोळ वाटतो. आता जगात उभी राहणारी मोठी डेटा सेंटरं शेकडो मेगावॉटच्या भाषेत बोलतात. दुर्गापूरचा पहिला संच २१० मेगावॉटचा होता. एका सेंटरला एक अख्खा संच, असं हे प्रमाण.

कार्डं घेऊ नका असं मी म्हणत नाही. त्यांच्यावर हवामानाचा अंदाजही निघतो, औषधंही शोधली जातात. पण खोक्यावर वॉट छापतात तसा कोळसाही किलोत छापला, आणि तो कुठून येतो तेही, तर विकत घेणारा निदान एकदा थांबेल. वीज सूर्याची असो की कोळशाची, ती जिथे तयार होते तिथल्या माणसांचा तिच्यावर पहिला हक्क असायला नको का? तुम्हाला काय वाटतं?