प्रस्तावना : खेळाडूचा प्रवेश आणि स्थलांतर

उमरखेडची सॉफ्टबॉल खेळणारी मुलगी बारावीनंतर पुसदला शिकायला गेली, तर ती संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची खेळाडू होते. पैनगंगा ओलांडून नांदेडला गेली, तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. वणीच्या मुलीने चंद्रपूर गाठले की ती गोंडवाना विद्यापीठाकडे जाते. या सीमाही कायमच्या नाहीत. 1983 पर्यंत यवतमाळ नागपूर विद्यापीठात होते, चंद्रपूर तर 2011 पर्यंत. कुठल्या संघातून खेळायचे, हे असे पत्त्यावर आणि कागदावर ठरते. त्या कागदांचा अभ्यास म्हणजे हे क्षेत्र.

सॉफ्टबॉलचा जन्म 1887 चा, शिकागोचा. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडू मिळवण्याची चढाओढ इतकी वाढली की 1964 मध्ये राष्ट्रीय संमतिपत्राची पद्धत आली. खेळाडूने सही केली की तिला शिष्यवृत्तीची हमी मिळे आणि इतर महाविद्यालयांनी तिच्यामागे लागणे थांबवायचे असे. 1972 च्या शिक्षणातील समानतेच्या कायद्यानंतर मुलींच्या खेळालाही शिष्यवृत्तीचे बळ आले. तिथली दोन वर्षांची कनिष्ठ महाविद्यालये बारावीनंतरची असतात. त्यांची संघटना 1938 ची, आणि तिचे संमतिपत्र फक्त तिच्या सदस्य महाविद्यालयांनाच बांधते. चार वर्षांचे महाविद्यालय त्या खेळाडूला तरीही बोलावू शकते. मात्र तिथे लगेच मैदानात उतरायचे, तर आधीच्या दोन वर्षांतले गुण आणि श्रेयांक पुरेसे लागतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय संमतिपत्र बंद झाले. साठ वर्षांची व्यवस्था का मोडली, हा प्रश्न नव्या अभ्यासकाने जरूर हाती घ्यावा.

आपल्याकडे सही नाही, शब्द असतो. शारीरिक शिक्षण संचालक जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत मुलगी हेरतात, घरी येऊन आई-वडिलांशी बोलतात; फी माफ होईल, वसतिगृहाचे पाहू, असे सांगतात. बहुतेक जण हे मनापासून करतात, आणि त्यांच्यामुळेच कितीतरी मुली शिकल्या. तरीही तोंडी शब्दाचा भार शेवटी मुलीवरच पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. संचालकांची बदली झाली की तो शब्द कुणाकडे मागायचा? आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी ती नियमित विद्यार्थिनी असावी लागते, वयाची अट असते. विद्यापीठ बदलले तर टीसी आणि मायग्रेशन वेळेत हवे. एका दाखल्यापायी हंगाम जाऊ शकतो, कलर होल्डर होण्याची संधीही. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि तिथे प्रमाणपत्रांची पडताळणी होते. म्हणून हा हंगाम क्षुल्लक नाही.

या विषयात येणाऱ्यांचे मनापासून स्वागत. परदेशी नियमावली वाचा. पण सुरुवात आपल्याच महाविद्यालयाच्या जिमखान्यातून करा. जुने पात्रता अर्ज तपासा, ज्या मुलींची नावे मधल्याच वर्षी गळाली त्यांना भेटा आणि त्यांना काय कबूल केले होते, ते लिहून घ्या.