पान नसलेल्या पुस्तकात खूण कुठे ठेवायची?

२००३ साली मी बी.एड. करत होतो. त्या वर्षी ईदला माझा मामेभाऊ आखातातून सुट्टीवर आला आणि त्यानं वापरून बाजूला टाकलेलं एक यंत्र माझ्या हातावर ठेवलं. पाम एम-१००. तळहातात मावेल एवढं, १६० बाय १६० ठिपक्यांचा करडा पडदा, २ एमबी मेमरी आणि रिमोटमध्ये घालतात तसले दोन बारीक सेल. ‘फोन नंबर लिहून ठेव यात,’ भाई म्हणाला. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. यात पुस्तक वाचता येतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं.

सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून एक फाइल फ्लॉपीवर उतरवली. उमर खय्यामच्या रुबायांचा फिट्झेराल्डनं केलेला इंग्रजी अनुवाद. आजोबा खय्यामचं नाव घ्यायचे, म्हणून तीच निवडली. एका मित्राच्या कॉम्प्युटरवर फाइल कन्व्हर्ट केली, केबल लावून पाममध्ये घातली. उघडली तर रुबाईच्या चार ओळी एकामागून एक जोडल्या जाऊन सलग परिच्छेद झालेला. यमक कुठं संपतं, ओळ कुठं सुरू होते, काही कळेना. रुबाई म्हणजे चार मिसऱ्यांचं घर. कुणीतरी त्याच्या भिंती पाडून सरळ पडवी करून टाकली होती.

हे कुणी केलं, याचा शोध घेताना मला जो इतिहास सापडला, तो इथं मांडतोय. मी तंत्रज्ञ नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण हा प्रश्न शेवटी भाषा शिकवणाऱ्याच्याच दारात येऊन उभा राहतो.

सुरुवात ४ जुलै १९७१ ला होते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट नावाच्या विद्यार्थ्याला तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करायची मुभा मिळाली होती. त्यानं त्यावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला. यंत्राकडं लहान लिपीची अक्षरं नव्हती, म्हणून सगळा मजकूर कॅपिटलमध्ये. हीच प्रोजेक्ट गुटेनबर्गची पहिली फाइल. पुढं हार्ट आयुष्यभर एका गोष्टीवर अडून राहिला: पुस्तक साध्या टेक्स्टमध्येच असलं पाहिजे. म्हणजे ॲस्की, एकूण १२८ संकेत, त्यातली छापता येणारी चिन्हं जेमतेम ९५. ठळक अक्षर नाही, तिरकं अक्षर नाही, चित्र नाही. लोक हसायचे. त्याचं म्हणणं असं, की साधा मजकूर कुठल्याही यंत्रावर उघडतो आणि उद्याच्या यंत्रावरही उघडेल. २००३ च्या ऑक्टोबरात या संग्रहानं दहा हजार पुस्तकांचा टप्पा गाठला. मी फ्लॉपी घेऊन कॅफेत गेलो ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

साध्या टेक्स्टमध्ये पुस्तकाचा मजकूर राहतो, पुस्तकाची रचना मात्र जवळजवळ पुसली जाते. मथळा हा मथळा आहे, हे फाइलीला ठाऊक नसतं. तिच्या लेखी सगळी अक्षरं सारखी. रचना दाखवायला हाती उरतं एकच साधन, मोकळी जागा. गुटेनबर्गसाठी मुद्रितं तपासणाऱ्या स्वयंसेवकांचा एक गट २००० साली उभा राहिला. त्यांच्या नियमावलीत प्रकरणाच्या मथळ्याआधी चार रिकाम्या ओळी आणि नंतर दोन, असं लिहिलेलं आहे. वाचताना आपण त्या ओळींकडं बघतही नाही. पण अनुक्रमणिका बनवणाऱ्याला तोच धागा.

दुसरी अडचण ओळीच्या लांबीची. त्या काळच्या पडद्यावर ८० अक्षरांची ओळ मावायची, म्हणून गुटेनबर्गच्या फाइलीत साधारण ६५-७० अक्षरांवर ओळ तोडलेली असे. पामच्या पडद्यावर एका ओळीत तीस-पस्तीस अक्षरं. मग काय व्हायचं? दोन ओळी भरलेल्या, तिसरीत एकच शब्द, पुन्हा दोन भरलेल्या. वाचणाऱ्याच्या डोळ्याला सारखी ठेच. त्यावर कन्व्हर्टरवाल्यांनी उपाय काढला: सगळ्या ओळी जोडून टाका, रिकामी ओळ आली की तिथं परिच्छेद संपला असं समजा. गद्याला हा नियम चोख लागू पडतो. कवितेचा तो जीव घेतो. माझ्या रुबाया अशा मेल्या.

आता पामकडं. १९९६ साली पहिला पायलट बाजारात आला. त्याचा जनक जेफ हॉकिन्स यंत्र बनण्याआधी खिशात लाकडाचा तेवढ्याच मापाचा तुकडा घेऊन फिरायचा आणि त्यावर लिहिल्याचा अभिनय करायचा, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या पहिल्या मॉडेलची मेमरी फक्त १२८ केबी होती. त्यात कादंबरी कशी मावणार? रिक ब्रॅम यांनी ‘डॉक’ हा वाचनाचा प्रोग्राम लिहिला, पॅट बर्न यांनी फाइल बदलून देणारा ‘मेकडॉक’. त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

पूर्ण पुस्तक एकदम दाबून लहान केलं, तर मधलं पान काढायला आधीचं सगळं उलगडावं लागतं. म्हणून मजकुराचे ४,०९६ बाइटचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा दाबायचा. म्हणजे विसाव्या तुकड्यातलं वाक्य हवं असेल तर तेवढाच तुकडा उघडायचा. दाबण्याची पद्धतही गमतीची. मोकळी जागा आणि तिच्यानंतरचं अक्षर ही जोडी इंग्रजीत सारखी येते, तर त्या दोघांना मिळून एकाच बाइटमध्ये बसवायचं. शिवाय आधी येऊन गेलेला शब्द पुन्हा न लिहिता ‘इतकी अक्षरं मागं जा आणि तिथून एवढी उचल’ असं सांगायचं. पुस्तक साधारण निम्म्यावर यायचं.

आणि खुणा? त्या फाइलीच्या शेवटी, मजकुरापासून वेगळ्या. प्रत्येक खुणेत एक छोटं नाव आणि एक आकडा, की सुरुवातीपासून इतक्या अक्षरांवर ही जागा आहे. पानांच्या पुस्तकात आपण दोरा ठेवतो, इथं अंतर मोजून ठेवायचं.

या खुणा हातानं लावणं कंटाळवाणं काम. म्हणून एक सोय होती: प्रत्येक प्रकरणाच्या आधी सहसा न येणारं एखादं चिन्ह टाकायचं आणि फाइलीच्या अगदी शेवटी तेच चिन्ह कोनी कंसात लिहायचं. पुस्तक उघडताना प्रोग्राम ते चिन्ह शोधत जाई आणि सापडेल तिथं खूण करी. मी आळशीपणा केला. चिन्ह टाकण्याऐवजी सरळ ‘चॅप्टर’ हाच शब्द दिला. खुणांची यादी उघडली तर प्रत्येक प्रकरण दोनदा, कारण पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिकेतही तोच शब्द होता. शिवाय लेखकानं मध्येच ‘आयुष्यातला एक अध्याय संपला’ वगैरे जिथं लिहिलं, तिथंही खूण! पुढं गुटनपाम नावाचा प्रोग्राम आला, नंतर त्याचं नाव वीझल रीडर झालं. त्याच्या कन्व्हर्टरमध्ये नुसता शब्द देण्याऐवजी नमुना देता यायचा: ओळीच्या सुरुवातीलाच ‘चॅप्टर’ असेल आणि त्यापुढं आकडा असेल तरच खूण कर. व्याकरण शिकवणाऱ्याला हे लगेच उमगतं. शब्द ओळखायचा तर त्याची वाक्यातली जागा बघावी लागते.

हे सगळं करताना मला सारखी घरातल्या कुरआनच्या प्रतीची आठवण यायची. आपल्याकडच्या छापील प्रतींत समासात ‘ऐन’ अक्षर असतं, रुकूची खूण. त्याच्याभोवती तीन आकडे. वरचा सांगतो सूरहमधला हा कितवा रुकू, मधला सांगतो यात आयती किती, खालचा सांगतो पाऱ्यातला कितवा. लहानपणी मक्तबमध्ये आम्हाला ‘ऐनपर्यंत पाठ करून या’ असं सांगितलं जायचं, तेव्हा त्या आकड्यांचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. सुरुवातीच्या हस्तलिखितांत तर स्वरचिन्हंही नव्हती. तीस पाऱ्यांची वाटणी, रुकू, आयतींचे आकडे, हे वाचकाच्या सोयीसाठी पुढच्या लोकांनी लावलेले दिवे आहेत. मूळ मजकुराचं एक अक्षरही त्यांनी हलवलं नाही.

२००७ साली ‘तन्झील’ या प्रकल्पानं नेमकी हीच शिस्त कॉम्प्युटरवर आणली. कुरआनचा काटेकोर तपासलेला युनिकोड मजकूर एका साध्या टेक्स्ट फाइलीत. एका ओळीत एक आयत, एकूण ६,२३६. हवं तर प्रत्येक ओळीच्या आधी सूरहचा आणि आयतीचा आकडा. पारे, रुकू, सजद्याच्या जागा यांची माहिती मात्र दुसऱ्या स्वतंत्र फाइलीत. मजकूर वेगळा, खुणा वेगळ्या.

पण खुणांची खरी गरज कुणाला असते, हे मला फार उशिरा कळलं. आज फोनवर जी इपब पुस्तकं आपण वाचतो, त्यांचा नमुना २००७ चा. इपब म्हणजे खरं तर एक झिप केलेलं गाठोडं: आत प्रकरणांच्या फाइली आणि एक अनुक्रमणिकेची फाइल. पहिल्या पिढीच्या इपबमध्ये त्या फाइलीचं नाव एनसीएक्स. ही रचना इपबवाल्यांनी स्वतः शोधलेली नाही. ती त्यांनी ‘डेझी’कडून घेतली, म्हणजे दृष्टिहीनांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या मानकातून. कॅसेटवरच्या पुस्तकात सातवं प्रकरण शोधायचं म्हणजे टेप पुढं-मागं पळवत बसायचं. स्वीडनमधल्या दृष्टिहीनांच्या ग्रंथालयानं या त्रासावर काम सुरू केलं, आणि १९९६ साली वेगवेगळ्या देशांतल्या अशा ग्रंथालयांनी मिळून डेझी संघ स्थापन केला. डोळस माणूस पानं चाळून वेळ मारून नेतो. ज्याला चाळता येत नाही, त्यानं अनुक्रमणिकेला मजकुराशी बांधण्याची रीत घडवली. आपण फोनवर प्रकरणाच्या नावावर बोट ठेवतो ना, ते त्या कामाचं देणं.

पामचं काय झालं? यंत्रं गेली, पण त्यांची हाडं टिकली. २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या मोबीपॉकेट कंपनीनं आपल्या पुस्तकांसाठी पामचंच खोकं आणि तीच दाबण्याची पद्धत घेतली. २००५ साली ॲमेझॉननं ती कंपनी विकत घेतली आणि २००७ च्या नोव्हेंबरात किंडल आलं. १२८ केबीच्या यंत्रापासून चालत आलेली काटकसर किंडलच्या पोटात जाऊन बसली. २०२२ साली ॲमेझॉननं वाचकांना सांगितलं, की तुम्ही पाठवलेल्या मोबी फाइली आता घेणार नाही, इपब पाठवा. सीडीवर जपून ठेवलेली माझी पामची पुस्तकं आज घरातल्या कुठल्याच यंत्रावर सरळ उघडत नाहीत. ज्या टेक्स्ट फाइलींपासून ती बनवली, त्या उघडतात. हार्ट २०११ मध्ये गेला. त्याच्यावर हसणाऱ्यांचे फॉरमॅट त्याच्या आधी गेले.

आता माझ्या दोन भाषा. पामवर उर्दू किंवा मराठी वाचायचं माझं स्वप्न स्वप्नच राहिलं. यंत्राला या लिप्या येत नव्हत्या हे खरं, पण मोठी अडचण वेगळी होती. कन्व्हर्ट करायला साधा मजकूरच नव्हता. उर्दूचं छापील रूप म्हणजे नस्तालीक. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर ती कॉम्प्युटरवर आणली, सुमारे २०,००० जोडरूपं एकेक करून. अफाट काम. त्याच नूरी नस्तालीकवर इनपेज आलं आणि उर्दूची पुस्तकं भराभर निघू लागली. पण इनपेजची फाइल इनपेजलाच कळते. इंटरनेटवर उर्दू आली ती चित्र बनून. मराठीचंही तेच. छापखान्यांनी वर्षानुवर्षं ज्या फाँटमध्ये मजकूर जुळवला, तो फाँट काढला की खाली इंग्रजी अक्षरांचं कडबोळं उरतं. देखणं पान मिळालं, पण त्याखाली मजकूर नाही. आणि मजकूर नसला की शोधता येत नाही, अक्षर मोठं करता येत नाही, आमच्या शाळेतल्या दृष्टी अधू असलेल्या मुलाला यंत्राकडून वाचून घेता येत नाही. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर पाच भारतीय भाषा आल्या, त्यात मराठी होती. उर्दू नव्हती.

गेल्या वर्षी मी दहावीच्या मुलांना घेऊन महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची युनिकोड फाइल इपबमध्ये बदलली. उपोद्घात आणि पाच प्रकरणं. एका पोरीनं ‘प्रकरण’ शब्द शोधून खुणा करायला सांगितलं. मी काही बोललो नाही. नको तिथं खुणा उमटल्या तेव्हा तीच म्हणाली, ‘सर, ओळीच्या सुरुवातीला असेल तेवढंच घ्यायचं का?’

आता आम्ही मौलवी नझीर अहमद यांची १८६९ ची ‘मिरातुल उरूस’ हातानं टाइप करतोय, उर्दूत, साध्या टेक्स्टमध्ये. आठवड्याला चार पानं होतात. प्रकरणाआधी चार रिकाम्या ओळी सोडायच्या, नंतर दोन, असं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय, आणि तेवढा कोपरा मी पुसू देत नाही. खय्यामची ती जुनी फाइलही मध्यंतरी पुन्हा कन्व्हर्ट केली. या वेळी ओळी जोडू नकोस, असं प्रोग्रामला आधीच सांगितलं. चार ओळी चार ओळींतच आल्या.