उन्हाच्या मुलखातील पेन्शनर

ज्या ॲरिझोनाच्या वाळवंटात आज अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतून वृद्धजन सेवानिवृत्तीचा काळ सुखाने घालवण्यासाठी येऊन राहतात, त्या मुलखाची ख्याती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी निराळ्याच कारणाने पसरली होती. पूर्वेकडील दमट आणि धुरकट शहरांत क्षयाने ग्रासलेल्या रोग्यांना डॉक्टर कोरड्या हवेचा उपाय सांगत. आणि आगगाडीने फीनिक्स वा टूसॉन गाठलेली ही माणसे, पदरी पैसा असला तर आरोग्यभुवनात आणि नसला तर गावकुसाबाहेर तंबू ठोकून, उन्हाच्या भरवशावर दिवस काढीत. फीनिक्सच्या उत्तरेची सनीस्लोप ही वस्ती अशा रोग्यांच्या तंबूंतूनच वाढली, आणि १९०७ साली शहरात सेंट ल्यूक्स नावाचे क्षयरोग्यांचे आश्रयस्थान निघाले. पुढे ज्या कंत्राटदाराने या मुलखाला वार्धक्याचे माहेरघर बनवले, तो डेल वेबदेखील १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथे आला तो विषमज्वराने खंगलेली प्रकृती सुधारण्यासाठीच. या वाळवंटाकडे माणसांचा ओघ प्रथम वळवला तो व्याधीने; धडधाकट म्हातारपण तेथे फार उशिरा आले.

ते येण्यास तीन गोष्टींची सिद्धता व्हावी लागली. पहिली पैशाची. १९३५ च्या ऑगस्टमध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा मंजूर झाला, १९४० च्या जानेवारीपासून पासष्टी गाठलेल्या कामगारांना दरमहा रक्कम मिळू लागली, आणि मुलांच्या तोंडाकडे न पाहता चार पैसे स्वतःच्या हाताने खर्चणारा वृद्ध सामान्य घरांतूनही दिसू लागला. दुसरी गोष्ट गारव्याची. १९३० च्या दशकात ॲरिझोनात घरोघरी जी शीतपेटी आली, तिचे तत्त्व आपल्या वाळ्याच्या पडद्याचेच होते: लाकडाच्या बारीक तंतूंची ओली गादी आणि तिच्यातून कोरडी हवा ओढून घेणारा पंखा. महायुद्धानंतर खरी वातानुकूलनाची यंत्रे स्वस्त झाली आणि जेथे उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेथे बारमाही बिऱ्हाड करणे शक्य झाले. तिसरी गोष्ट पाण्याची. तिचा हिशेब अद्याप पुरता झालेला नाही. १९११ साली सॉल्ट नदीवर बांधलेले रूझवेल्ट धरण, जमिनीखालून उपसलेले पाणी आणि १९७३ नंतर कोलोरॅडो नदीपासून खणत आणलेला ३३६ मैलांचा कालवा यांच्या बळावरच या वाळवंटात गोल्फची हिरवळ टिकून आहे.

फीनिक्सच्या वायव्येस मॅरिनेट या नावाचा कापसाचा मुलूख होता. बॉसवेल कंपनीची ती जमीन भागीदारीत घेऊन वेबच्या कंपनीने तेथे केवळ वयस्कांचे नगर वसवण्याची तजवीज आरंभली, तेव्हा वृद्धशास्त्राच्या जाणकारांनी तिला बजावले होते की म्हातारी माणसे आपला गोतावळा सोडून परमुलखी जाणार नाहीत. शेजारी यंगटाउन नावाची लहानशी वसाहत १९५४ पासून होती आणि तेथील माणसे समाधानाने नांदत होती. तो प्रत्यक्ष पुरावा कंपनीने पंडितांच्या मतापेक्षा मोलाचा मानला. तिने आणखी एक शहाणपण केले. घरे विकून नंतर सोयी करू, असे आश्वासन न देता क्रीडाभवन, दुकाने आणि गोल्फचे मैदान आधी उभे केले, आणि १ जानेवारी १९६० रोजी पाच नमुना-घरांची दारे उघडली. तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे पाहून गेली. साडेआठ हजार डॉलरांच्या आसपास किमती सुरू होत होत्या. या नगराचे नाव सन सिटी.

याच वेबच्या कंपनीने १९४२ साली याच राज्याच्या वाळवंटात, पोस्टन येथे, जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना बंदिस्त ठेवण्याची छावणी सरकारच्या कंत्राटावर बांधली होती. निवृत्तांच्या या रम्य नगराची कथा सांगताना ती गोष्ट वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ओसाड मैदानात अल्पावधीत हजारोंची वस्ती उठवण्याची विद्या तेथेही उपयोगी पडली होती.

सन सिटीच्या घराच्या दस्तऐवजात एक शर्त असे. कुटुंबातील एका तरी व्यक्तीने पन्नाशी ओलांडलेली असावी आणि शाळकरी वयाच्या मुलांनी तेथे कायमचा मुक्काम करू नये. पुण्यालाही एके काळी पेन्शनरांचे गाव म्हणत. परंतु तेथला पेन्शनर सायंकाळी पर्वतीकडे निघाला की वाटेवर शाळा सुटलेली असे आणि त्याच्या काठीभोवती पोरांचा गलका होई. ॲरिझोनात गाव वसले ते मुलांना वेशीबाहेर ठेवून. शाळांसाठी कर्ज उभारण्याच्या प्रस्तावांविरुद्ध सन सिटीच्या मतदारांनी इतक्या वेळा कौल दिला की सत्तरच्या दशकात ही वसाहत त्या शाळा-विभागातूनच वेगळी काढण्यात आली. १९८८ च्या कायद्याने मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास देशभर बंदी घातली, पण पंचावन्न वर्षांवरील लोकांच्या वसाहतींना त्यातून सूट दिली. आयुष्यभर राबलेल्या माणसाला शांततेचा हक्क आहे, हे मी मनापासून मानतो; तथापि ती शांतता शेजारच्या गावातील पोरांच्या बाकांच्या आणि खडूंच्या पैशातून मिळवावी, हे मला पटत नाही.

आणि मुलांवरील या बंदीमुळेच कदाचित सन सिटीच्या घरांत कुत्र्याला एवढे महत्त्व आले असावे. कारण शर्तीने नातवंडाचा मुक्काम दिवसांवर आला, कुत्र्याचा मात्र बारमाही झाला. त्या घराचे वेळापत्रकही त्याच्याच हाती असते. उन्हाळ्यात सूर्य उगवण्यापूर्वीच फिरून यावे लागते, कारण नऊ वाजेपर्यंत डांबरी रस्ता तापतो. बाहेर पडताना मालक आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहतो आणि ती सोसवत नसेल तर कुत्र्याला पायमोजे चढवतो, किंवा तसाच मागे फिरतो. ॲरिझोनाने १९६८ पासून उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची पद्धत सोडली, तीही संध्याकाळचे ऊन आणखी तासभर लांबू नये म्हणूनच.

फिरायला निघालेल्याच्या खिशात एक कंगवा असतो. वाटेवर चोया नावाचे निवडुंग असते. त्याचा काटेरी पेर नुसत्या स्पर्शाने तुटतो आणि कुत्र्याच्या पंजात रुततो. कुत्रा दाताने तो उपटू पाहतो, तेव्हा काटे ओठात आणि जिभेत शिरतात. जाणता मालक त्याचे तोंड एका हाताने धरतो, दुसऱ्या हाताने कंगव्याचे दाते पेर आणि कातडी यांच्या मध्ये सरकवतो आणि एका झटक्यात पेर दूर भिरकावतो. उरलेले काटे मग चिमट्याने एकेक काढावे लागतात. सत्तरीच्या माणसाला गुडघे टेकून हे करताना पाहिले म्हणजे निवृत्ती म्हणजे निष्क्रियता हा आपला समज गळून पडतो.

याहून गंभीर भय मातीचे आहे. या वाळवंटाच्या मातीत एक बुरशी असते. तिचे बीजाणू धुळीबरोबर फुप्फुसांत जातात आणि व्हॅली फीव्हर नावाचा ज्वर उत्पन्न करतात. जमीन उकरणाऱ्या कुत्र्यांना तो फार होतो, आणि त्यावरचे औषध कित्येक महिने द्यावे लागते. टूसॉनच्या विद्यापीठात या रोगाच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि कुत्र्यांसाठी लस सिद्ध करण्याचे काम तेथे चालले आहे. फुप्फुसांचे दुखणे बरे करण्यासाठी ज्या हवेचा एके काळी आश्रय घेतला, तिनेच फुप्फुसांना नवे दुखणे द्यावे, हा या भूमीच्या इतिहासातील क्रूर योग आहे.

उन्हाळा लागला की अनेक बिऱ्हाडे थंड मुलखाकडे निघतात. फिरत्या घराची ही हौस जुनी आहे. एअरस्ट्रीम या चकचकीत ॲल्युमिनियमच्या गाड्यांचा जनक वॅली बायम याच्या काफिल्याने १९५९-६० मध्ये केपटाउनपासून कैरोपर्यंत आफ्रिका पालथी घातली, आणि त्या वाटसरूंत निवृत्तांचा भरणा मोठा होता. सन सिटीची दारे उघडली त्याच १९६० साली जॉन स्टाइनबेक हा लेखक, अठ्ठावन्न वर्षांचा, प्रकृती ढासळत असताना, चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला बरोबर घेऊन देशभर फिरला आणि परतीच्या वाटेवर मोहावीचे वाळवंट ओलांडून गेला. त्याचे पुस्तक १९६२ मध्ये निघाले; कुत्रा शेजारी बसवून दूरचा रस्ता धरण्याच्या हौसेला त्याने साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले.

हिवाळ्यात हीच वाट उलटी वाहते. कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीजवळील क्वार्ट्झसाइट हे गाव उन्हाळ्यात जवळजवळ रिकामे असते आणि हिवाळ्यात चाकांवरच्या घरांनी गजबजते. या गावच्या दफनभूमीत हाजी अली नावाच्या उंटवाल्याची कबर आहे. १८५६ साली अमेरिकी सैन्याने वाळवंटासाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर तो आला, लोकांनी त्याला हाय जॉली म्हटले, आणि १९०२ साली तो तेथेच वारला. १९३५ मध्ये राज्याच्या रस्तेखात्याने त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड बांधून वर उंटाची आकृती बसवली. गावालगतची सरकारी जमीन १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत परवाना काढणाऱ्या कोणालाही मुक्कामास खुली असते. कुत्र्याला पट्टा असावा, असा तेथला नियम आहे. वयाची शर्त नाही. शेजारच्या गाडीत पोरे असली तर ती कुत्र्याबरोबर खेळायला येतात आणि त्यांना कोणी हाकलत नाही. सन सिटीच्या नीटनेटक्या वर्तुळाकार रस्त्यांपेक्षा हा धुळीतला शेजार मला अधिक भरलेला वाटतो.