गृहाध्ययनाचें वर्ष : एका घरचे कित्ते

रत्नागिरी जिल्ह्यांतील एका जुन्या घरीं दप्तर पाहण्याचा योग आम्हांस गेल्या पावसाळ्यापूर्वीं आला. घर उतरविण्यास काढिलें होतें. माळ्यावरचे रुमाल ओटीवर आणून मांडले होते. सनदा, खतें, वाटणीपत्रें एका अंगास नीट रचिलेलीं, आणि ‘पोरांचें लिहिणें’ म्हणून वगळलेले सुटे कागद न्हाणीघराच्या वाटेवर. त्यांपैकीं कांहीं बंबांत गेलेही होते. उरलेले चाळीसएक आम्हीं मागून घेतले. घरधन्यांस त्याचें नवल वाटलें, व तें त्यांनीं लपविलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय ते कागद आणि ज्या गृहशिक्षणाची ते खूण आहेत तें गृहशिक्षण, हा आहे.

हे कागद मागण्याची बुद्धि आम्हांस एका निराळ्याच कारणानें झाली. अलीकडे शहरांतून कांहीं कुटुंबें मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकवूं लागलीं आहेत. अशाच एका घरच्या बाईंनीं आम्हांस विचारिलें, ‘गुरुजी, शाळेंत चाचण्या असतात, प्रगतिपुस्तक असतें; घरीं शिकणारा मुलगा वर्षभरांत पुढें सरकला कीं नाहीं, हें आम्हीं कशावरून ओळखावें?’ तीसांहून अधिक वर्षें प्रगतिपुस्तकें भरण्यांत घालवूनही आम्हांस चटकन उत्तर देतां आलें नाहीं. प्रगतिपुस्तकावरून मुलाची चाल कळते, हेंच आम्हांस कधीं पुरतें पटलें नव्हतें, ही गोष्ट वेगळी. पण ज्या काळीं बहुतेक शिकणारा मुलगा घरींच शिकत होता, त्या काळीं ही चाल कशी राखली जात होती, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचीं साधनें आपल्याच रुमालांत असलीं पाहिजेत, असें तेव्हां मनांत आलें.

‘बहुतेक’ हा शब्द आम्ही सैलपणें वापरीत नाहीं. इ. स. १८२२ च्या जून महिन्यांत मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो यानें आपल्या इलाख्यांतील देशी शाळांची माहिती जिल्हावार मागविली. मद्रास शहरच्या कलेक्टरानें तींत घरीं शिकणाऱ्यांचाही आकडा घातला. तो सुमारें २७ हजार, म्हणजे शाळेंत जाणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट भरला. मार्च १८२६ च्या आपल्या टिपणांत मन्रोनें ह्या आकड्यांत कांहीं चूक असावी असा संशय घेतला आहे. तरी साक्षरतेचें एकंदर प्रमाण ठरवितांना घरचें शिक्षण त्यानें जमेस धरिलेंच. बंगाल्यांत विल्यम ॲडम यानें राजशाही जिल्ह्यांतील नाटोर ठाण्याची बारकाईनें मोजणी केली, तेव्हां प्राथमिक शाळांतून २६२ मुलें आढळलीं, आणि १,५८८ कुटुंबांतून घरीं शिकणारीं २,३८२. हें प्रमाण नऊपट होतें. ॲडमचे अहवाल १८३५ ते १८३८ ह्या वर्षांतले. अनाथनाथ बसू यांनीं ते १९४१ त पुन्हां छापून काढिले. मद्रासचे कागद धर्मपाल यांनीं १९८३ त प्रसिद्ध केले.

आपल्या मुंबई इलाख्याची गोष्ट निराळी. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत सुरू झालेल्या चौकशीअखेर, १८२९ सालीं, सुमारें १,७०० शाळा व ३५ हजार विद्यार्थी असा हिशेब लागला. ही मोजणी शाळांची होती. आजोबांच्या मांडीशीं बसून ओटीवर अक्षर गिरविणारा मुलगा तींत नाहीं, आणि मुलगी तर नाहींच. म्हणून महाराष्ट्रापुरता घरच्या शिक्षणाचा पुरावा सरकारी तक्त्यांत शोधण्यांत अर्थ नाहीं. तो घरांतच शोधिला पाहिजे. ॲडमनें एक कटु गोष्टही लिहून ठेविली आहे, ती येथें दडवूं नये : घरचें शिक्षण शाळेच्या मानानें अधिक तुटक व अपुरें असतें. हें खोटें ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. तुटक खरेंच; पण तें पार तुटून कां पडत नव्हतें, एवढेंच पाहावयाचें आहे.

वैदिकाच्या घरीं ह्याचें उत्तर पंचांग हें होतें. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायाप्रमाणें श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेस उपाकर्म करून साडेचार महिने वेदाध्ययन करावयाचें, आणि पौषांत किंवा माघ शुद्ध प्रतिपदेस उत्सर्जन. त्यापुढें शुक्लपक्षांत वेद व कृष्णपक्षांत वेदांगें, असा क्रम. ह्याचा अर्थ, वर्षाचे दोन असमान भाग पाडिले : एक नव्या संथेचा, दुसरा आळीपाळीचा. शिवाय अनध्याय. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे मनूनें सांगितलेले. प्रतिपदेचा अनध्याय तर इतका रूढ कीं, सुंदरकांडांत सीतेच्या कृशतेस प्रतिपदेला पाठ करणाराच्या विद्येची उपमा दिली आहे. दोन्ही पक्ष मिळून हे आठ दिवस होतात; तीस तिथींपैकीं बावीस उरतात. परंतु अनध्याय म्हणजे सुटी असें समजणें चुकीचें होईल. वेदांगें आणि नित्याचा स्वाध्याय यांस अनध्यायाचा अडथळा नाहीं, असें त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत स्पष्ट आहे. म्हणजे संथा थांबावयाची, रूपावलि थांबावयाची नाहीं. नवें थांबवून जुनें पक्कें करण्यास महिन्यांतून आठ दिवस राखून ठेवणें ही योजना शिक्षकाच्या दृष्टीनें फार शहाणपणाची आहे. आमच्या नोकरींत आम्हांस असे दिवस कधींच मिळाले नाहींत. अभ्यासक्रम ‘संपवावयाचा’ असे.

कौटिल्याची दृष्टि हीच. राजपुत्रानें चौलानंतर लिपि व संख्यान शिकावें आणि उपनयनानंतर त्रयी व इतर विद्या. दिवसाचा पूर्वभाग शस्त्रविद्येस, उत्तरभाग इतिहासश्रवणास. उरल्या वेळीं नवा पाठ घ्यावा, घेतलेल्याचा परिचय ठेवावा, आणि जें ध्यानीं आलें नसेल तें पुनःपुन्हां ऐकावें. शामशास्त्र्यांनीं १९०९ त छापलेल्या त्या ग्रंथाकडे आपण राजनीतीसाठीं जातों. घरीं ठेविलेल्या गुरूपाशीं शिकणाऱ्या मुलाचें तें जुनें वेळापत्रक आहे, ही बाजू सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं.

कुळकर्ण्याच्या, सावकाराच्या, कारकुनाच्या घरीं वेद नव्हता, पण तिथि तीच होती. तेथें धूळपाटीवर अक्षर, मग बाराखडी, मग कागदावर बोरूनें मोडीचें वळण; आणि अंकांत पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, शेवटीं एकोत्री. दिवेलागणीस परवचा. परवच्याकडे आपण भाविकपणाची चाल म्हणून पाहतों, तें अपुरें आहे. घरांतील लहानथोर सर्वांच्या देखत रोज तेंच आरंभापासून म्हणावयाचें. काल औटकी जेथें अडली तेथेंच आज अडली कीं पुढें सरकली, हें चुलीपाशीं बसलेल्या आजीलाही कळे. तिला स्वतःला अक्षरओळख नसेना कां. अडल्याचें कळण्यास कान पुरे होता. ह्या परीक्षेचा कागद मात्र मागें राहत नाहीं. राहतो तो कित्ता.

आतां आमच्या चाळीस कागदांकडे वळूं. कागद देशी, जाड, कडेला वाळवी लागलेला. प्रत्येकावर वरची ओळ प्रौढ हाताची, ठसठशीत; खालीं तीच ओळ मुलाच्या हातानें सात-आठ वेळां. मोडींत शिरोरेषा आधीं ओढून मग अक्षरें लटकवितात. आरंभींच्या कागदांवर मुलाची रेषा उजवीकडे उतरत जाते, अक्षरें तिला सोडून खालीं येतात. समासांत तिथि आहे, महिना आहे. शक कोठेंच नाहीं. घरांतल्या घरांत शक कोण लिहितो! एका कागदावर महिन्याच्या नांवापूर्वीं ‘अधिक’ असा शब्द आहे. अधिकमासाच्या कोष्टकावरून शक शोधण्यास तेवढा धागा पुष्कळ झाला असता. पण नेमकें महिन्याचें नांव वाळवीनें खाल्लें आहे.

तिथि लावून कागद मांडले तेव्हां दोन गोष्टी दिसल्या. पहिली, प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या ह्यांचा एकही कागद त्यांत नाहीं. बंबांत गेलेल्यांचें सांगतां येत नाहीं. तथापि उरलेल्या चाळिसांत एकही नसावा, ह्यास आम्ही योगायोग म्हणण्यास तयार नाहीं. मोडी लिहिणाऱ्या घरींही अनध्याय पाळीत, एवढें यावरून धरावयास हरकत नसावी. दुसरी गोष्ट, ज्येष्ठाच्या उत्तरार्धापासून आषाढ संपेपर्यंत कागदच नाहींत. कोंकणांत हे दिवस भाताच्या पेरणीचे व लावणीचे. शिकविणारा व शिकणारा दोघेही शेतांत असले पाहिजेत. श्रावणांतला पहिला कागद फार बोलका आहे. वरची ओळ पुढची नसून वैशाखांतली आहे, तीच, शब्द न बदलतां. शिकविणाऱ्यानें खंडानंतर मुलास दोन पायऱ्या मागें नेऊन मग पुढें चालविलें. अशी ओळ आम्हीं शाळेंत जूनच्या पहिल्या आठवड्यांत किती वेळां घातली असेल, तें आठवलें. कार्तिकांतल्या कागदांवर मायने येतात, ‘विशेष’ नंतरचा मजकूर येतो. माघांत जमाखर्चाची आडवी मांडणी.

समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे. अक्षर वाटोळें, सरळ, मोकळें असावें, आणि ग्रंथाच्या आरंभींचें व शेवटचें अक्षर एकाच हाताचें दिसावें, अशी तेथील अपेक्षा आहे. संग्राहकांस हा समास पाठ असतो. ती अपेक्षा पुऱ्या हाताची आहे. हात बनत असतांना पहिलें व शेवटचें अक्षर सारखें दिसलें, तर मूल शिकलेंच नाहीं म्हणावयाचें.

संस्कृत शिकणाऱ्याच्या वर्षास आणखी एक टोक होतें : श्रावणमासची दक्षिणा. दाभाड्यांनीं तळेगांवीं चालू केलेली ही प्रथा पेशव्यांनीं पुण्यास आणिली, आणि पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत ती वाटली जाऊं लागली. दूरदूरच्या गांवीं बापापाशीं किंवा चुलत्यापाशीं शिकलेले तरुण तेथें जमत, आणि विद्वत्ता पाहून दक्षिणा ठरविण्याचीही रीत होती. पेशवाई १८१८ त गेली. कंपनी सरकारनें दक्षिणा कांहीं काळ चालविली, आणि तिच्याच पैशांतून १८२१ त विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. उपाकर्म आणि दक्षिणा दोन्ही श्रावणांतच यावीं, ह्यानें घरच्या अभ्यासास मोठी ओढ लागली असली पाहिजे. मात्र हा रमणा ब्राह्मणांपुरता होता, हें विसरून त्याचें कौतुक करूं नये. इतरांच्या मुलांची परीक्षा बाजारांत, वखारींत आणि चावडीवर होई.

आणि मुलींची? येथें कित्ते शोधावयास जाणें बहुधा व्यर्थ आहे. पण एक साक्ष अशी आहे कीं, तिच्यापुढें आमचे चाळीस कागद फिके पडतात. अनंतशास्त्री डोंगरे पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशीं शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. तें पाहून अनंतशास्त्र्यांनीं पुढें आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें, आणि त्याबद्दल उडुपीस पंडितसभेपुढें जाबही दिला. ह्या दांपत्याची कन्या पंडिता रमाबाई, जन्म १८५८, गंगामूळच्या रानांत. रमाबाईंनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत लिहिलें आहे कीं, सुमारें आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईनेंच त्यांस शिकविलें, आणि असें शिकविलें कीं पुढें फारसें कोणाचें साहाय्य न घेतां त्यांस स्वतः शिकतां यावें. हें कुटुंब तेव्हां यात्रेंत असे. घर म्हणावें असें घर नव्हतें. दिवसभर कामांतून उसंत नाहीं म्हणून पहाटे, पांखरें बोलूं लागण्याच्या सुमारास, आई मुलीस उठवून पाठ देई. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. पुराणवाचन हा कुटुंबाचा चरितार्थ. देवळांत, घाटावर रोज लोकांपुढें वाचावयाचें, म्हणजे परवचा ओसरीवरून घाटावर गेला इतकेंच. आईबाप १८७४ च्या दुष्काळांत गेले. १८७८ त कलकत्त्याच्या पंडितांनीं ह्या मुलीस ‘पंडिता’ म्हटलें, तेव्हां तिनें एकही शाळा पाहिलेली नव्हती. लक्ष्मीबाईंच्या अध्यापनाचा एकही चिटोरा उपलब्ध नसतां आपल्याला ही हकीकत माहीत आहे, ती केवळ मुलीनें लिहिली म्हणून. ज्या आयांच्या मुलींनीं लिहिलें नाहीं, त्यांचें काय?

संग्राहक मित्रांपाशीं आमचें एक मागणें आहे, आणि तें करण्यापूर्वीं आमचाच अपराध सांगणें प्राप्त आहे. वीस वर्षांपूर्वीं देशावरील एका घरीं रुमाल लावितांना कित्त्यांचा असाच एक गठ्ठा आमच्या हातीं आला होता. आम्हीं त्यावर ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लावून तो परत केला. पुढें तें घर पडलें, आणि गठ्ठ्याचा माग लागत नाहीं. तेव्हां असे कागद दिसतील तेथें ते वेगळे काढूं नयेत. ज्या खतांच्या घडींत सांपडले त्याच घडींत त्यांची जागा टिपून ठेवावी, कारण शक त्या खतावर असतो. समासांतील तिथि नकलून घ्यावी. वरची ओळ व खालची ओळ ह्यांचे हात निरनिराळे नोंदावे.

ही शेवटची सूचना सुचण्यास आमच्या बाडांतील एक कागद कारण झाला. तिथि फाल्गुन वद्य पंचमी. त्यावरील वरची ओळ त्या प्रौढ हाताची नाहीं. ती सुबक आहे, रेषा सरळ आहे. पण जोडाक्षराचें शेपूट उजवीकडे न वळवितां सरळ खालीं सोडण्याची जी खोड श्रावणापासून मुलाच्या प्रत्येक कागदावर दिसते, ती ह्या वरच्या ओळींत तशीच आहे. आणि खालीं तीच ओळ सात वेळां गिरविणारें अक्षर अगदीं नवें, मोठें, रेषेस सोडून उजवीकडे उतरत गेलेलें.