सुरेश भटांची गझल : श्रोते आणि समीक्षक

सुरेश भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ चा, अमरावतीचा. पदवीपर्यंतचे शिक्षणही त्यांनी याच शहरात घेतले. राजापेठेच्या परिसरात वाढलेल्या आम्हा वऱ्हाडकरांना त्यांची गझल पुस्तकाआधी कानांतून भेटली. पण मराठी समीक्षेने तिची जी नोंद घेतली, तिच्यात या कानाला फारसे स्थान नाही. ही उणीव आम्हाला महत्त्वाची वाटते.

‘रूपगंधा’ १९६१ साली आला, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ साली. हा काळ मर्ढेकरोत्तर नवकवितेचा आणि लघुअनियतकालिकांचा. मुक्तछंद ही तेव्हा आधुनिकतेची खूण होती. अशा वेळी मतला, काफिया, रदीफ यांची शिस्त पाळणारी कविता ‘परकी’ आणि ‘मैफिलीची’ ठरावी, हे स्वाभाविकच होते. वास्तविक भटांचा प्रयोग याच शिस्तीत होता. माधव जूलियन यांनी ‘गज्जलांजली’तून (१९३३) फारसी वृत्ते मराठीत रुजवली, परंतु त्यांच्या रचनांत बहुधा एकच भाव सलग वाहतो. गझलेतील प्रत्येक शेर ही स्वतंत्र, स्वयंपूर्ण कविता असते, हा आग्रह भटांनी धरला आणि ‘गझलेची बाराखडी’ लिहून तो नवोदितांपर्यंत पोचवला.

दुसरीकडे हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी आणि लता-आशा यांच्या स्वरांनी ही रचना घरोघर नेली. येथे एक गुंता निर्माण झाला. गीताला एक मुखडा आणि एकच भाववृत्ती लागते. गझलेतले तीन-चार शेर निवडले जातात, उरलेले गळतात. आणि परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या शेरांवर चाल एकच उदास छाया पसरवते. श्रोत्यांनी या उदासीवर प्रेम केले. तिलाच हळवेपणा म्हणून काही समीक्षकांनी नाक मुरडले. प्रेम आणि आक्षेप, दोहोंचा विषय बऱ्याच अंशी चालीने घडवलेली गझल हा होता. ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटातील गीताने आणि ‘एल्गार’ने (१९८३) भटांचा संतप्त स्वर समोर आणला, तेव्हा रात्रीचा कवी एकाएकी बदलला असे अनेकांना वाटले. वस्तुतः तो स्वर आधीच्या संग्रहातही होता. तो गायला गेला नव्हता, एवढेच.

मुशायऱ्यातील श्रोता मात्र वेगळा असतो. पहिली ओळ दोनदा म्हटली जाते, तो थांबतो, काफियाचा अंदाज बांधतो आणि दुसरी ओळ पडताच दाद देतो. ही दाद म्हणजे जागच्या जागी केलेली समीक्षाच. अमरावती जिल्ह्यातील आष्टगावच्या भीमराव पांचाळे यांनी आपल्या गझलगायनात ही शेरागणिक थांबण्याची रीत जपली. त्यामुळे उदासीच्या शेजारचा उपरोधही ऐकू येऊ लागला.

भट १४ मार्च २००३ रोजी गेले. त्यांची गझल वर्गात शिकवताना आपण छापील संहिता समोर ठेवतो आणि मनात चाल वाजत असते. विद्यार्थ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहावे : कोणते शेर गायले गेले, कोणते गळले आणि त्याने अर्थ कसा बदलला. मराठी गझलेच्या स्वीकाराचा इतिहास लिहायचा तर आरंभ या गळलेल्या शेरांपासूनच करावा लागेल.