तार कोठवर आली?

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या इतिहासात १९२७ हे साल दोन कारणांनी नोंदले गेले पाहिजे. पहिले कारण आपल्या वाचकांना सांगावयास नको. २० मार्च रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दुसरे कारण फारसे कोणी सांगत नाही. त्याच वर्षी सह्याद्रीच्या पायथ्याशी, कुंडलिकेच्या खोऱ्यात, टाटांचे भिरा जलविद्युत केंद्र सुरू झाले. ज्या मुळशी धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, त्याचे पाणी घाटाखाली सोडून जनित्रे फिरवली गेली. वीज मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना मिळाली. वापरून झालेले पाणी रोह्यावरून समुद्राकडे गेले. खोऱ्यातील वाडीपाड्यांच्या वाट्याला ना ती वीज आली, ना तिच्यावरचा हक्क. महाराष्ट्रातील खेड्यांचे विद्युतीकरण हे मुख्यतः १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतरचे काम होय.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. संगणक आणि इंटरनेट यांनी समाजात पाडलेल्या दरीची चर्चा सध्या सर्वत्र चालते. शहर विरुद्ध खेडे, मुंबई विरुद्ध कोकण, मोठा उद्योग विरुद्ध छोटा उद्योग, असे तिचे भाग पाडले जातात. परंतु गावाच्या पोटात जी दरी आहे, गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांच्यातली, ती या मांडणीत कोठेच दिसत नाही. कारण मोजणाऱ्याचे माप गावापाशी संपते.

वीज गावात पोचली, हे सरकार कसे ठरवीत होते ते पाहा. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर गाव विद्युतीकृत समजले जाई. शिवारातला एक पंप चालला की कागदावर सारे गाव उजळले! पुढे १९९७ मध्ये, विजेचा वापर लोकवस्तीच्या भागात झाला पाहिजे अशी अट आली. २००४ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र यांना वीज हवी, किमान १० टक्के घरांत वीज हवी, आणि जेथे दलित वस्ती असेल तेथेही तारा व रोहित्र हवे, असे त्यात लिहिले गेले. स्वातंत्र्यानंतर ५७ वर्षांनी सरकारला 'दलित वस्ती' हे शब्द व्याख्येत घालावे लागले. गाव म्हटले की वस्ती त्यात आपोआप येत नाही, याची ही शासकीय कबुलीच नव्हे काय?

आणि तरीही नवे जाळे विणताना हा धडा विसरला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ऑप्टिकल फायबरची राष्ट्रीय योजना मंजूर केली. पुढे तिलाच 'भारतनेट' म्हणू लागले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडावयाच्या, हे तिचे उद्दिष्ट. म्हणजे तार पंचायतीच्या कार्यालयात आली की पंचायत जोडली गेली! पेण व रोहा तालुक्यांचा भूगोल ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की एका पंचायतीत अनेक वाड्या असतात, आणि कातकरीवाडी बहुधा डोंगराच्या कुशीत, सर्वांत शेवटी असते.

'आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे,' असे कोणी म्हणेल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ साली, ग्रामीण भारतातील ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली. शहरांत हेच प्रमाण २३.४ आणि ४२ टक्के होते. त्यानंतर मोबाईल वाढले हे खरे. पण घरात एक मोबाईल, तो बापाच्या खिशात, आणि रिचार्ज संपलेला, यालाही आकडेवारीत 'सोय'च म्हणतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग मोबाईलवर गेले. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. खांब कोसळले, वीज गेली, रेंज गेली. त्या काळात ज्यांचे शिक्षण तुटले त्यांत सर्वांत आधी कोण होते, हे आम्हा शिक्षकांना विचारा.

आज शिष्यवृत्तीचा अर्ज संकेतस्थळावर, सातबारा संकेतस्थळावर, जातीच्या दाखल्याचा अर्जही तेथेच. माझे विद्यार्थी मोबाईलवर न उघडणाऱ्या फॉर्मसाठी मजुरी बुडवून तालुक्याला येतात. कातकरी कुटुंब वीटभट्टीवर जाते, नंबर बंद पडतो आणि ओटीपी त्या बंद नंबरवर जातो. धंद्यातही हेच. हमरापूर-जोहे भागातल्या गणेशमूर्तींची मागणी कारखानदार मोबाईलवर घेतो. रोजंदारीवर रंग देणारी बाई मात्र त्या व्यवहारात कोठेच नसते.

महाडचा इतिहास येथे उपयोगी पडतो. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तरी पाण्याला हात लावावयास १९२७ उजाडावे लागले, आणि कोर्टातला शेवटचा निकाल १९३७ साली लागला. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले अंतर सरकारने नव्हे, चळवळीने कापले.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटची सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात पंचायतीचे ठाणे नसलेली गावेही 'मागणीनुसार' जोडण्याची तरतूद आहे. हा शब्द कार्यकर्त्यांनी नीट वाचावा. मागणी कोण करणार? ज्याचा आवाज ग्रामसभेत आहे तो. म्हणून येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. जोडणी गावाच्या नव्हे, वस्तीच्या नावाने मोजावी. सेवा केंद्र चालविण्याचे काम वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना द्यावे. आणि वस्ती जोडली जाईपर्यंत कागदी अर्ज नाकारू नये. ठराव झाला की त्याची प्रत मागून घ्यावी, आणि वस्तीत वाचून दाखवावी.